तिन्ही एकदम सोडू का? आधी सकाळचा हात बघा

एकाने पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, राहायला घोडबंदर रोडला, ऑफिस ऐरोलीला. दिवसाला १२ सिगारेटी, पहिली उठल्या उठल्या बाल्कनीत. आठवड्यात तीनदा क्वार्टर, शनिवारी मित्रांबरोबर क्वार्टर आणि वर दोन स्ट्राँग बिअर, म्हणजे वीकेंडवाला. रात्री झोप यावी म्हणून गांजाचा एक जॉइंट, चार वर्षं जवळपास रोज, त्याची सवय लागत नाही असं वाचलंय, हे बायकोला माहीत नाही. मागच्या १ जानेवारीला तिन्ही बंद केलं, ९ तारखेला ऑफिसातल्या एकाच्या सेंड-ऑफला दुसऱ्या पेगनंतर खाली जाऊन सिगारेट ओढली आणि सगळं परत सुरू. यंदा ३१ ला येऊरला शेवटचं बसायचं आणि १ पासून कायमचं बंद असा प्लॅन आहे. तिन्ही एकदम सोडायचं की एकेक करून?

मी ठाण्यात सायकिअ‍ॅट्रिस्ट आहे, व्यसनाचे पेशंट बघायला लागून १७ वर्षं झाली, आणि हा प्रश्न डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून रोज ऐकते. उत्तर लांब होणार आहे कारण तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी म्हणजे एक व्यसन नाही, तिन्ही सुटतात वेगवेगळ्या पद्धतीने आणि त्यातली एकच अशी आहे की जी अचानक सोडल्याने माणूस मरू शकतो. सिगारेट अचानक सोडून कोणी मरत नाही, गांजा सोडूनही नाही. दारू सोडून मरू शकतो. हे बऱ्याच सुशिक्षित घरांतही माहीत नसतं म्हणून आधी तेच.

रोज आणि भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली की शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम, छातीत धडधड, उलटीसारखं वाटणं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या मधे काही जणांना भ्रम होतो, आम्ही त्याला डीटी म्हणजे डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतो. एक पेशंट सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. वागळे इस्टेटमधे छोटं वर्कशॉप, रोज रात्री अर्धी बाटली आणि सकाळी कामावर जायच्या आधी एक नाइन्टी. १ जानेवारीला मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि खरोखर पाळली. ४ तारखेला पहाटे घरच्यांनी आणलं तेव्हा तो बेडवर बसून हवेतून दोरा ओढत होता, अगदी सावकाश, दोन बोटांच्या चिमटीत धरून, आणि ओढलेला दोरा मांडीवर गुंडाळत होता. चादरीवर मुंग्या दिसत होत्या त्याला. आई म्हणत होती बाहेरचं काहीतरी झालंय, एक दिवस त्या नादात गेला होता, त्याआधी गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावून घरी पाठवलं होतं. अशा माणसाला थायमिन म्हणजे बी-१ आधी द्यावं लागतं, नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तो वाचला, आज बरा आहे, पण मला आजही वाईट वाटतं की त्याने जे केलं ते मनापासूनचं होतं, आणि एकाने जरी आधी सांगितलं असतं की दवाखान्यात जाऊन सोड, तर आठवडाभराच्या गोळ्यांवर शांतपणे सुटली असती.

म्हणून तुम्ही आधी एवढं करा. आदल्या रात्री प्यायला असाल त्या सकाळी आणि नंतर एक पूर्ण दिवस न पिता गेला त्याच्या दुसऱ्या सकाळी, सिगारेट-चहाच्या आधी, हात समोर ताठ धरा, बोटं पसरा आणि त्यावर एक साधा कागद ठेवायला सांगा कुणाला तरी. बोटांची थरथर डोळ्याला दिसत नाही पण कागदाची कड दाखवते. कड नाचत असेल, किंवा रात्री घामाने टीशर्ट ओला होत असेल, किंवा सकाळी थोडी घेतल्यावर बरं वाटतं असं कधी झालं असेल, किंवा आयुष्यात एकदा जरी दारू सोडताना फिट आली असेल तर स्वतःहून बंद करायची नाही, आधी डॉक्टर. मागच्या वर्षी आठ दिवसांत काही झालं नाही हे चांगलं लक्षण आहे पण गॅरंटी नाही, सोडणं-धरणं जितक्या वेळा होतं तितका पुढचा त्रास वाढू शकतो.

तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्यात मधे मधे कोरडे दिवस आहेत, त्यामुळे बहुतेक तुम्ही त्या गटात नाही. पण तुम्ही स्वतःला ‘वीकेंडवाला’ म्हटलंय ना, तो हिशोब एकदा मांडू. आपल्याकडे एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, साधारण ३० एमएलचा एक पेग. क्वार्टर १८० एमएल, म्हणजे सहा. ६५० ची स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांची असेल तर एक बाटली म्हणजे चार, लोकांना वाटतं बिअरच तर आहे. तुमचे आठवड्यातले तीन क्वार्टर झाले १८, शनिवारचे सहा अधिक आठ १४, एकूण ३२. हे वाचून घाबरावं म्हणून नाही लिहिलं, पण ३२ हा आकडा वीकेंडचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मधे स्पष्ट म्हटलंय की दारूचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही, आणि मी स्वतः पेशंटशी प्रमाणावर वाद घालत बसत नाही, मी फक्त मोजायला लावते, कारण मोजल्यावर माणूस स्वतःच गप्प होतो आणि मग खरं बोलायला लागतो.

आता ३१ चं. इथे मी थोडी कडक बोलणार आहे. ‘शेवटचं बसायचं’ हे काढून टाका.

माझे बाबा श्रावण पाळायचे. नौपाड्यात चाळीत राहायचो आम्ही. दिव्याची अवस आली की आजी घरातले सगळे दिवे, समया, निरांजनं चिंचेने घासून पाटावर मांडायची, आणि त्याच संध्याकाळी बाबा बाहेर, कारण उद्यापासून महिनाभर बंद, मग आज भरून घ्यायची. त्या रात्री ते जितके प्यायचे तितके वर्षात कधीच नाही. नंतर खरंच महिनाभर थेंब नाही, गणपती उठेपर्यंत नाही, आणि सगळे म्हणायचे बघा, मनात आणलं तर सोडू शकतो, हा काय दारुडा नाही. पण कॅलेंडरवर विसर्जनाच्या तारखेला पेन्सिलने बारीक गोल केलेला असायचा. मला लहानपणी वाटायचं तो गणपतीसाठी आहे. ते महिनाभर दारू सोडत नव्हते, महिनाभर वाट बघत होते. लिव्हरने ते ५८ व्या वर्षी गेले.

३१ ची रात्र म्हणजे इंग्रजी कॅलेंडरची गटारी. त्या रात्री तुम्ही नेहमीच्या दीडपट-दुप्पट घेणार, पाकीट संपवणार, पहाटे झोपणार, आणि सकाळी डोकं जड, पोट बिघडलेलं, झोप नाही, अशा शरीराला सांगणार की आजपासून निकोटिन पण नाही, जॉइंट पण नाही. वर्षातला सगळ्यात वाईट दिवस निवडलाय आपण सगळ्यांनी मिळून. म्हणून १ तारीख सोडा. क्रम बदला.

कुठला क्रम? तुमच्याच लिहिण्यात उत्तर आहे. ९ तारखेला आधी काय तुटलं? सिगारेट नाही तुटली, आधी पेग आला. दुसरा पेग, मग खाली, मग सिगारेट, मग त्या रात्री झोप नाही म्हणून जॉइंट. सिगारेट सोडलेल्या माणसाला परत सिगारेटकडे नेणारी सगळ्यात नेहमीची वाट दारूची असते, कारण दोन पेगनंतर ‘नको’ म्हणणारा भागच झोपलेला असतो. म्हणून तुमच्या केसमधे (सगळ्यांच्या नाही) मी म्हणेन दारू आत्ता, याच आठवड्यात, कागदाची टेस्ट ठीक असेल तर. ३१ दारूशिवाय काढा. आणि सिगारेट-जॉइंट दोन्ही मिळून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एक साधा कामाचा वार बघून, मंगळवार म्हणा.

सिगारेट आणि जॉइंट एकत्र का, तर तुमच्या जॉइंटमधे तंबाखू आहे. सिगारेट रिकामी करून तिचीच तंबाखू गांजा मिसळून परत भरता ना? मग तुमच्या १२ नाहीत, १३ आहेत. मी असे कितीतरी जण बघितलेत ज्यांनी सिगारेट ‘सोडली’ आणि रात्रीचा एक जॉइंट ठेवला, आणि त्यांचं दिवसभर तडफडणं काही केल्या कमी होईना, कारण मेंदूला रोज रात्री ११ ला निकोटिनचा डोस मिळतच होता. उलटंही होतं, गांजा सोडला की सिगारेटी १२ च्या २० होतात.

३१ साठी मित्रांना ‘मी सोडली’ असं जाहीर करू नका, त्यावर हमखास ‘आज एकच घे’ सुरू होतं. ‘गाडी मी चालवणार’ सांगा, त्या रात्री नाक्यानाक्यावर नाकाबंदी असते त्यामुळे कुणी वाद घालत नाही, उलट खूश होतात. आणि बारा वाजून गेले की निघा, येऊरला मुक्काम नको. खरं म्हणजे यंदा गेलाच नाहीत तर सगळ्यात चांगलं. तलावपाळीला बायकोबरोबर एक चक्कर मारून घरी येऊन झोपलात तरी वर्ष बदलतंच.

सिगारेटचं बघू. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली लागते म्हणजे निकोटिनची पकड घट्ट आहे, इच्छाशक्तीचा प्रश्न नाही हा. त्रास काही तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला असतो, दोन ते चार आठवड्यांत उतरतो. तलफेची एक लाट काही मिनिटांची असते, बऱ्याचदा पाचेक मिनिटांची, पण त्या मिनिटांत ती संपणारच नाही असं वाटतं. निकोटिन गम घ्या, २ आणि ४ मिलिग्रॅमचे येतात, तुमच्यासारख्याला ४ लागतो, आणि किती, किती दिवस हे डॉक्टरकडून लिहून घ्या. हार्टचा त्रास असेल तर ते आधी सांगा. गम चावायची एक पद्धत आहे आणि दहातले आठ जण ती चुकवतात. नेहमीच्या च्युइंगमसारखा भराभर चावला की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं, आणि माणूस म्हणतो मला गम सूट होत नाही. तो हळू चावायचा, सात-आठ वेळा, तोंडात तिखटसर झिणझिणी आली की थांबायचं आणि गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायचा. झिणझिणी गेली की परत चार-पाच वेळा चावा, दुसऱ्या गालात ठेवा. असं अर्धा तास. त्याच्या पंधरा मिनिटं आधी आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबूपाणी नको, तोंड आंबट झालं की निकोटिन शोषलंच जात नाही. आणि तलफ आल्यावर घेऊ असं करू नका, पहिले काही आठवडे ठरलेल्या वेळी घ्या. गमने भागत नसेल तर व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन ही औषधं आहेत, ती आम्ही लिहून देतो, मेडिकलवाल्याला विचारून घ्यायची नाहीत.

चहाचं एक वेगळंच आहे, ते फार कमी लोकांना कुणी सांगतं. सिगारेटच्या धुरामुळे लिव्हर कॅफीन झटपट मोडतं. सिगारेट बंद झाली की तेच सहा कटिंग अंगात जास्त वेळ राहतात, मग छातीत धडधड, चिडचिड, झोप नाही, आणि माणसाला वाटतं हा सिगारेट सोडल्याचा त्रास आहे. अर्धा तर चहाचा असतो. म्हणून त्या मंगळवारपासून चहा-कॉफी निम्मी करा, दुपारी चारनंतर नकोच. शिवाय ऑफिसखालच्या टपरीवर चहा म्हणजे सुट्टा हे हाताला पाठ झालंय, महिनाभर चहा वर डेस्कवरच. सिगारेट सोडून मावा, तंबाखू-चुना धरू नका, तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट बघायचे असतील तर खारघरला टाटाच्या कॅन्सर केंद्राच्या, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकच्या दारात एक सकाळ उभे राहा. व्हेप पण नको, २०१९ पासून त्याच्या विक्रीवर देशभर बंदी आहे आणि जे चोरून मिळतं त्यात काय भरलंय कुणालाच ठाऊक नसतं.

गांजा. तुम्ही लिहिलंय ‘त्याची सवय लागत नाही असं वाचलंय’. लागते. रोज ओढणाऱ्याने बंद केला की एक ते तीन दिवसांत चिडचिड, अन्नावर वासना नाही, रात्री घाम, आणि झोप पार उडते. पहिला आठवडा सगळ्यात जड, दोनेक आठवड्यांत बरंचसं निवळतं, झोपेचं मात्र थोडं जास्त चालतं. आणि स्वप्नं पडतात. इतकी ठसठशीत की पेशंट येऊन सांगतात डॉक्टर, वेड लागतंय का मला. नाही लागत. गांजाने स्वप्नांची झोप दाबून ठेवलेली असते, ती एकदम उसळून वर येते. हे आधीच माहीत असलं तर माणूस तिसऱ्या रात्री घाबरून परत भरत नाही. ‘झोपेसाठी लागतो’ हे जे वाटतं तेही बरंचसं यातूनच येतं, एक दिवस नाही ओढला, झोप आली नाही, म्हणजे बघा मला लागतोच. ती झोप न येणं हाच सोडल्याचा त्रास असतो. गांजासाठी अशी मान्य झालेली गोळी नाही. झोपेच्या गोळ्या मित्राकडून आणू नका, एक सोडताना दुसरं लागतं. कानात आवाज येणं, लोक आपल्यावर नजर ठेवतात असं वाटणं, किंवा घरात कुणाला असा मोठा मानसिक आजार, यातलं काही असेल तर मंगळवारची वाट न बघता गांजा आजच बंद आणि डॉक्टरकडे या.

बरेच जण गांजाचं डॉक्टरला सांगत नाहीत, पोलिसांची भीती. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा ओढणं गुन्हा आहे हे खरं, पण त्याच कायद्याच्या ६४-अ कलमात स्वतःहून उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे, आणि पेशंटची माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आमच्यावर बंधनकारक आहे. मी पोलीस नाही, माझे सहकारीही नाहीत. सगळं सांगा.

बायकोलाही सांगा. मला कळतं हे सगळ्यात अवघड आहे तुमच्यासाठी, सिगारेट सोडण्याहून अवघड. पण दोन आठवडे तुम्ही रात्री तीनला घामाघूम उठून बसणार, ताटावरून उठून जाणार, पोरांवर ओरडणार, आणि तिला कारण माहीत नसेल तर ती स्वतःचं कारण शोधेल. लांबड लावू नका. ‘अगं, रात्री टेरेसवर जातो ते गांजा ओढायला, चार वर्षं झाली, मंगळवारपासून बंद करतोय, दोन आठवडे मी विचित्र वागेन’, एवढंच. ती चिडेल. चिडू दे. तिचं ऐकून घ्या, त्या दिवशी सफाई देऊ नका.

आणि ती हे वाचत असेल तर तिच्यासाठी: ‘पेशंटला न सांगता दारू सोडवा’ अशी पावडर भाजीत कालवू नका. त्यात डायसल्फिराम असतं बऱ्याचदा. त्यावर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, बीपी पडतं, जीवही जाऊ शकतो. ते औषध आहे आणि चांगलं औषध आहे, पण माणसाच्या पूर्ण संमतीने, तपासण्या करून.

आता ९ जानेवारी परत आली तर. येईल, कुठल्या ना कुठल्या तारखेला येईल, सेंड-ऑफ, हळद, क्रिकेटची मॅच. मागच्या वर्षी तुमचं नुकसान त्या एका सिगारेटने झालं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी ‘गेलंच की सगळं’ म्हणून पाकीट घेतलंत त्याने झालं. एक ओढली गेली तर त्या रात्री एवढंच करा, उरलेलं पाकीट मोडून पाण्याखाली धरा, कुणाला तरी एकाला फोन करून सांगा, आणि सकाळी गम ठरलेल्या वेळी तोंडात. तारीख परत १ पासून मोजायची नाही. आठ दिवस झाले होते ते आठच राहतात.

फोन कुणाला करायचा हे आधी ठरवून ठेवा. तंबाखूसाठी १८००-११-२३५६ हा मोफत नंबर तुमच्या पाकिटावरच छापलेला असतो, मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६, नशेसाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मधे सुरू केलेली, पुण्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, अनिता आणि अनिल अवचटांनी उभं केलेलं, दाखल व्हायची वेळ आली तर. दारूसाठी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगा ठाण्यात आणि नवी मुंबईत मराठीतही होतात, पैसे लागत नाहीत, आडनाव विचारत नाहीत. मागच्या खुर्चीवर बसून नुसतं ऐकलंत तरी चालतं, पहिल्या वेळेस सगळे तसंच करतात.

उद्या सकाळी कागदाची टेस्ट करा, मग परवा एकदा. दोन्ही दिवशी आदल्या रात्री किती घेतली होती तेही लिहून ठेवा. कड हलत असेल तर ३१ ची वाट बघू नका, त्याच दिवशी जवळच्या सायकिअ‍ॅट्रिक ओपीडीत जा आणि तो कागद दाखवा.